संगीत मेघावती, वीस गुणांसाठी

प्राध्यापक उद्धव रेणापूरकर यांच्या लेटरहेडवर नावाखाली ‘नाट्यसमीक्षक’ असे छापलेले आहे. हे कुठून आले, असे कोणी विचारले तर सर आधी दुखावतात आणि मग बारा वर्षांपूर्वी लातूरच्या एका दैनिकात आलेल्या आपल्या तीन परीक्षणांची कात्रणे दाखवतात. त्यातले एक खरे तर एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आहे, पण छापून आले ते आले. तीन कात्रणांवर बारा वर्षे समीक्षक राहणे सोपे नाही, त्याला चिकाटी लागते.

त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयात वरून ते पत्र आले तेव्हा कोणाचे नाव पुढे येणार हे ठरलेलेच होते. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी मराठीच्या अंतर्गत वीस गुणांसाठी एखादे संगीत नाटक प्रत्यक्ष पाहून त्याचे परीक्षण लिहावे, असे पत्राचे म्हणणे होते. ‘प्रत्यक्ष’ या शब्दाखाली कोणीतरी दोन रेघा मारल्या होत्या. प्राचार्य हणमंतरावांनी पत्र वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि सरांना बोलावून घेतले.

“सर, संगीत नाटक म्हणजे ते राजे-राण्या गाणं म्हणत मरतेत, तेच ना?”

“थोडक्यात तसं म्हणता येईल,” समीक्षक म्हणाले.

“लातुरात कुठं हाय सध्या?”

लातुरात कुठेच नव्हते. लातुरात दर चौकात क्लास आहे, क्लासच्या वर अभ्यासिका आहे आणि अभ्यासिकेच्या वर मेस आहे. त्यात नाटकाने राहायचे कुठे हा प्रश्नच होता. पण नांदेडला एका हौशी मंडळाचे ‘संगीत मेघावती’ नावाचे नवे नाटक बसत होते. सरांना हे माहीत होते, कारण त्यातली राणी मेघावती ही त्यांची पत्नी होती.

“मग झालं की,” हणमंतराव म्हणाले. “घरचंच नाटक हाय. एका तुकडीची चाळीस पोरं घेऊन जा. फक्त फोटो आणा. फोटोत पोरं, पडदा आन् कॉलेजचा फलक, तिन्ही दिसलं पाहिजे.”

इथे प्रमोदिनीबाईंबद्दल सांगायला हवे. त्या मूळच्या नांदेडच्या. लग्नाआधी गाणे शिकलेल्या, दोन-तीन बैठकीही केलेल्या. लग्नानंतर बावीस वर्षे त्यांचे गाणे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे जेवढी जागा मिळेल तेवढ्यात राहिले. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर एकदम रिकामे झाले, तेव्हा त्या नांदेडला बहिणीकडे गेल्या आणि परत आल्या त्या राणी होऊनच. तीन महिने दर शनिवारी बस धरून तालमीला जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे, असे चालले होते. या काळात सर खिचडी करायला शिकले आणि ही गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितली की नाटकासाठी खरा त्याग कोणी केला याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही.

प्रयोगाच्या दहा दिवस आधी प्रमोदिनीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, एक काम कराल? दुसऱ्या अंकात माझं मोठं पद आहे. ते नीट ऐका.”

“ऐकणारच की.”

“तसं नाही. मंडळातले सगळे छानच म्हणतात. ताई तर मी खोकले तरी छान म्हणते. मला खरं पाहिजे. आवाज राहिलाय का गेलाय, ते सांगा. पुढच्या नाटकासाठी मंडळ विचारतंय. आवाज गेला असला तर मी नाही म्हणून टाकते. उगाच लोकांनी भिडेखातर ऐकू नये.”

एवढे बोलून त्या पुन्हा मेथीकडे वळल्या, पण त्यांचा हात थांबलेला होता. सरांना खरोखर भरून आले. बावीस वर्षांत बायकोने त्यांना समीक्षक म्हणून पहिल्यांदाच काम सांगितले होते.

“अगं, तो तर माझा विषय आहे,” ते म्हणाले. ते त्यांनी मनापासून म्हटले होते, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवू.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. कॉलेजच्या कार्यालयात उज्वला मॅडम होत्या. त्यांनी सरांपुढे तीन छापील नमुने ठेवले. पहिला पालकांच्या संमतीचा, दुसरा ‘उपक्रमाची फलनिष्पत्ती’ या नावाचा आणि तिसरा ‘विद्यार्थी सुरक्षितता तक्ता’. या तिसऱ्यात दर तासाला पोरे मोजायची, आकडा लिहायचा, वेळ लिहायची आणि सही करायची होती.

“नाटक चालू असताना पण मोजायची?” सरांनी विचारले.

“सर, पोरगं हरवलं तर नाटक चालू होतं म्हणून चालंल का?” उज्वला मॅडम म्हणाल्या.

फलनिष्पत्तीच्या नमुन्यात विद्यार्थ्यांना नाटकातून काय मिळाले ते लिहायचे होते आणि ते जाण्याआधी दाखल करायचे होते. सरांनी ‘रसिकता’ असे लिहिले. मॅडमनी तो शब्द खोडून ‘रसिकतेत ६० टक्के वाढ’ असे करून दिले, कारण टक्क्यांशिवाय वर घेत नाहीत.

शेजारच्या शिवशंकरअप्पांना हे कळायला वेळ लागला नाही. अप्पा वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून ते सल्ला देण्याच्या खात्यात आहेत. “सर, चाळीस पोरं कशाला हलवून राहिले? एक माणूस पाठवा, व्हिडिओ काढून आणंल. कॉलेजात पडद्यावर दाखवा. बस बी नको, वांत्या बी नको.”

“पण प्रत्यक्ष पाहायचं आहे ना अप्पा.”

“व्हिडिओ काढणारा प्रत्यक्षच बघणार की.”

पार्वतम्मा, म्हणजे अप्पांच्या पत्नी, उदगीरकडच्या. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. त्यांच्या मते पोरांना पोटभर ऊटा, म्हणजे जेवण, करूनच बसमध्ये बसवायला पाहिजे, रिकाम्या पोटी जास्त मळमळते. अप्पांच्या मते उपाशी बसवले तर बाहेर पडायला काही उरतच नाही. यावर दोघांचे जे भांडण झाले ते सरांच्या अंगणात झाले आणि मिटवण्यासाठी सरांनी पोरांना अर्धे पोट जेवून यायला सांगायचे कबूल केले. सरांच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झालेले आहेत.

मग पालक आले. रेणापूरचे बालाजीराव संमतीचा कागद घडी करून खिशात ठेवूनच आले होते, सही न करता.

“सर, रविवारी पोराची टेस्ट असती. एका रविवारानं रँक किती खाली येती, ठाऊक हाय का तुम्हाला?”

सर म्हणाले, हे वीस गुण आहेत.

“त्या नाटकात बायोलॉजी काही येती का?”

सरांनी क्षणभर विचार केला. “राणीला विरहाचा ताप येतो.”

“मग ठीक हाय,” बालाजीराव म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आता लातूरची एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. इथे उत्तर आधी तयार होते आणि प्रश्न मागाहून येतो. त्याशिवाय मार्क पडत नाहीत, आणि मार्क पडत नसतील तर माणूस लातूरला येईल कशाला? वर्गात पहिला येणारा यज्ञेश मंगळवारी तास संपल्यावर सरांच्या टेबलाशी आला.

“सर, परीक्षणाचं नमुना उत्तर कधी देणार?”

“अरे, नाटक अजून व्हायचंय.”

“म्हणूनच की सर. झाल्यावर देऊन काय उपयोग?”

सरांना हे पटायला नको होते. पण ते वीस वर्षे याच गावात शिकवत होते आणि शिवाय, खरे सांगायचे तर, बारा वर्षांत त्यांना कोणी परीक्षण मागितले नव्हते. घरी नाटकाची संहिता होतीच. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, उदबत्ती लावून ते लिहायला बसले आणि उठले तेव्हा ‘संगीत मेघावती’चे परीक्षण झालेले होते. आठ मुद्दे, प्रत्येकी अडीच गुण. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, गायन वगैरे. महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा. राजाची भूमिका करणारे मन्मथ स्वामी यांच्या ‘खड्या आवाजा’ला एक रेघ, ‘प्रकाशयोजना प्रसंगांना अत्यंत पोषक होती’ याला एक, शेवटच्या राज्याभिषेकाच्या ‘नेत्रदीपक’ प्रसंगाला एक. गायनाच्या मुद्द्यावर ते जरा जास्त थांबले. “राणी मेघावतीच्या भूमिकेत प्रमोदिनी रेणापूरकर यांनी दुसऱ्या अंकातील विरहाचे पद दोन्ही कडव्यांसह अशा तन्मयतेने गायले की प्रेक्षागृह स्तब्ध झाले.” हे वाक्य त्यांनी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्यांना स्तब्ध व्हायला झाले.

गुरुवारी त्याच्या झेरॉक्स वर्गात वाटल्या. एकोणचाळीस लागल्या, कारण मुरुडची सृष्टी आली नव्हती. ऑक्टोबर होता, तिच्या घरी सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालली होती आणि ती आठवडाभर गावाकडेच होती. ती परस्पर रविवारी बसवर येईल, असा निरोप होता.

रविवारी सकाळी ट्रॅव्हल्सची बस आली, तिच्या काचेवर आदल्या दिवशीच्या लग्नाचे हार आणि नवरा-नवरीची नावे तशीच होती. वाटेत चहाला थांबले तिथे हॉटेलवाल्याने सरांना वरपिता समजून आधी बसायला खुर्ची दिली. अर्धे पोट जेवलेली पोरे अर्ध्या वाटेत उलटायला लागली. ज्यांना काही झाले नाही ती टेस्टचे पेपर सोडवत होती. अहमदपूर आले तेव्हा यज्ञेश डुलत डुलत पुढे आला आणि त्याने सरांच्या हातात चार फुलस्केप पाने ठेवली.

“झालं सर.”

“काय झालं?”

“परीक्षण.”

सरांनी पाहिले. आठही मुद्दे होते, अक्षर बसमध्येही सुरेख होते, रेघा पट्टीने मारल्या होत्या. नांदेड यायच्या आत आणखी अकरा जणांची झाली. सरांना अभिमान वाटला. यात काही विचित्र आहे असे त्यांच्या मनात आलेच नाही, कारण नेमके त्या वेळी मागून कोणीतरी पार्वतम्मांनी मळमळीसाठी बरोबर दिलेली लिंबे मागत होते.

नाटक दुपारी साडेतीनला होते. पडद्यापुढे पोरे उभी करून, फलक धरून फोटो काढण्यात वीस मिनिटे गेली. पहिल्या फोटोत फलक उलटा होता, दुसऱ्यात पडदा वर गेला होता आणि आत एक दासी केस विंचरत होती. तिसरा जमला. मग सर मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले, मांडीवर सुरक्षितता तक्ता, हातात पेन.

पहिला अंक बरा चालला. मन्मथ स्वामींचा आवाज नेमका आदल्या दिवशी बसला होता, त्यामुळे राजाने आपली सगळी पदे बोलून दाखवली. एका ठिकाणी तर प्रेमगीत अशा स्वरात म्हटले की दवाखान्यात नंबर पुकारतात असे वाटले. प्रमोदिनीबाई आल्या तेव्हा सर ताठ बसले. निळ्या शालूत, मुकुट घातलेल्या बाई आपल्याच घरी राहतात यावर त्यांचा विश्वास बसेना. पहिल्या अंकात राणीला फारसे गाणे नव्हते. सरांनी घड्याळ पाहिले. दुसरा अंक पाचच्या सुमाराला सुरू होणार होता आणि पाचलाच तक्त्यात आकडा भरायचा होता.

पडदा उघडला. राणी एकटी, खिडकीशी. पेटीने सूर दिला. सरांनी विचार केला, पटकन मोजून घ्यावे, मग पद निवांत ऐकता येईल. त्यांनी वळून मोजले. एकोणचाळीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकोणचाळीस. सृष्टी नव्हती.

अशा वेळी माणसाला उज्वला मॅडमचा चेहरा दिसतो. सर वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. स्वच्छतागृहाकडे एका बाईंना आत पाठवून विचारले, कोणी नव्हते. रखवालदाराने कोणतीही मुलगी पाहिली नव्हती, पण त्याने दिवसभरात काहीच पाहिलेले नसावे असे त्याच्याकडे पाहून वाटत होते. सर वाहनतळावर बसकडे धावले. सीटखाली पाहिले. ड्रायव्हर जागा झाला आणि म्हणाला, “नवरी पळाली का काय?”

तेवढ्यात नाट्यगृहातली लाईट गेली. सर परत येऊन पाहतात तो त्यांची सगळी पलटण व्हरांड्यात. कोणी वडे खात होते, कोणी मोबाईलवर प्रश्न सोडवत होते.

“अरे, आत नाटक चालू आहे.”

“आत अंधार हाय सर,” यज्ञेश म्हणाला. “आन् आपलं लिहून झालंय की. आता बघून काय?”

सरांनी त्यांना पुन्हा मोजले. मग ते इमारतीच्या मागे गेले. तिथे दोन माणसे जनरेटरची दोरी ओढत होती आणि जनरेटर फट्फट् करून गप्प बसत होता. सर त्या फटफटीच्या वर आवाज चढवून त्यांना मुलीचे वर्णन सांगत होते, ते दोरी ओढणारे दमेपर्यंत. पाऊण तासाने लाईट आली, अंक संपला, मध्यंतर झाले, आणि सृष्टी सापडली. ती रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, तबलजीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती.

“कुठं होतीस तू? तुझ्यासाठी मी सगळं नांदेड पालथं घातलं.”

“इथंच होते सर. मागं पोरांच्या मोबाईलचा उजेड डोळ्यात यायला लागला, म्हणून पुढं आले.”

सरांनी तक्त्यात चाळीस लिहिले आणि सही केली. तिसऱ्या अंकात राज्याभिषेक झालाच नाही. सातला हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला होता, म्हणून मन्मथ स्वामींनी तोंडीच सांगितले की राज्याभिषेक झाला असे समजावे.

प्रमोदिनीबाई मुकुट हातात घेऊन मागच्या दाराशी आल्या. रंग घामाने ओघळला होता. त्यांनी इकडे तिकडे काही विचारले नाही.

“कसं झालं?”

सरांनी सांगून टाकायला हवे होते. मी बाहेर होतो, एक मुलगी हरवली होती, एवढी दोन वाक्ये. पण ज्याच्या लेटरहेडवर ते छापलेले आहे त्याने बायकोचे गाणे चालू असताना बसच्या सीटखाली वाकून पाहत होतो असे कसे म्हणावे? आणि त्यांच्या तोंडात एक वाक्य बुधवारपासून तयार बसलेले होते.

“अशा तन्मयतेने गायलीस तू, की प्रेक्षागृह स्तब्ध झालं.”

“दोन्ही कडवी?”

“दोन्ही.”

प्रमोदिनीबाईंनी मुकुटाचा सुटलेला मणी बोटाने आत ढकलला. “बरं,” त्या म्हणाल्या. त्या बहिणीकडे मंगळवारपर्यंत राहणार होत्या. सर पोरांना घेऊन लातूरला निघाले आणि वाटेत त्यांना सारखे वाटत राहिले, की पेपर बरा गेला.

सोमवारी सगळी परीक्षणे जमा झाली आणि संध्याकाळच्या आत तपासूनही झाली. एकोणचाळीस जणांना अठरा-अठरा, त्यात यज्ञेशला एक जास्त. इतके चांगले काम वर्गाने आजवर केले नव्हते. अडचण एकाच पेपरची आली. सृष्टीने दोन पाने सलग लिहिली होती, मुद्दे नाहीत, रेघा नाहीत. सरांनी पेनाने ओळींवरून फिरून ‘प्रकाशयोजना’ हा शब्द शोधला, सापडला नाही. ‘नेपथ्य’ शोधला, तोही नाही. त्यांनी चार गुण दिले आणि लाल शाईत लिहिले, ‘मुद्दे नाहीत, पुन्हा लिहा.’ वाचण्यासारखे त्यात काही असेल असे त्यांना वाटले नाही.

मंगळवारी दुपारी प्रमोदिनीबाई आल्या. चहा झाल्यावर त्यांनी टेबलावरचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. “माझ्यावर चाळीस जणांनी लिहिलंय म्हणे,” त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून बसल्या. सर वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे बसले.

पहिला पेपर त्यांनी मन लावून वाचला. दुसरा वाचताना पहिला पुन्हा उचलून पाहिला. पाचव्याला त्यांना हसू यायला लागले आणि दहाव्यापर्यंत पदर तोंडाला लावायची वेळ आली. “राज्याभिषेक नेत्रदीपक झाला म्हणे. आणि मन्मथांचा खडा आवाज.” मग हसणे थांबले. “अहो, प्रकाशयोजना सगळ्यांनाच कशी आवडली हो? पदाच्या वेळी लाईट नव्हती ना?”

“किती वेळ नव्हती?” सरांनी विचारले, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आले की हे विचारायला नको होते.

“पाऊण तास. लोकांना दिसावं म्हणून बाजूची दारं उघडली होती. त्या उजेडात तुमची खुर्ची रिकामी दिसत होती मला.” त्या रागावलेल्या नव्हत्या, ते सरांना जास्त लागले. “माईक नव्हता, पेटीवाल्याला अंधारात पट्ट्या दिसेनात. दुसरं कडवं मला आठवलंच नाही. तुम्ही मात्र दोन्ही ऐकलीत.”

सरांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग ती उलगडून पुन्हा घडी केली. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटत असताना काय म्हणायचे याचे नमुना उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

“एक पोरगी हरवली होती,” अखेर ते म्हणाले.

“सापडली ना?”

“सापडली. हा तिचाच पेपर, खालचा. तो राहू दे, त्यात काही नाही.”

प्रमोदिनीबाईंनी तोच काढला. वरचे चार गुण पाहिले, लाल शेरा पाहिला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. “लाईट गेली तवा सगळे उठून गेले. मला वाटलं बाई बी थांबतील. पण त्या थांबल्या न्हाईत. पुढचं त्यांना आठवलं न्हाई, मग त्यांनी पहिलंच पुन्हा म्हटलं, पण पहिल्यावाणी न्हाई म्हटलं.” इथे त्यांचा आवाज बारीक झाला आणि पुढचे त्या मनातच वाचत राहिल्या. पान उलटले. डोळे पुसले. परत पहिल्या पानावर आल्या.

“पुढं काय लिहिलंय?” सरांनी विचारले.

“तुम्ही तपासलाय की. चार मार्क दिलेत.”

“तरी पण.”

“पुढचं माझं आहे,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, पेपर घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले. थोड्या वेळाने फोनवर त्यांचे बोलणे ऐकू आले. नांदेडला मंडळाशी बोलत होत्या. “हो, पुढच्या नाटकाला मी आहे. नाही, आवाजाचं कळलं मला. मेहनत पाहिजे, पण आहे.”

सर ओसरीत बसून राहिले. सोळा वर्षांच्या पोरीने असे काय लिहिले असेल, जे बारा वर्षांच्या समीक्षकाला आपल्या बायकोला सांगता आले नाही, हे त्यांना कळेना. समोरच्या अंगणातून शिवशंकरअप्पांनी विचारले, कसे झाले नाटक. सर म्हणाले, चांगले झाले, आणि कोणत्या फेजची लाईट गेली होती हे अप्पा विचारायच्या आत उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सृष्टीला स्टाफरूममध्ये बोलावले. ती दारात उभी राहिली, हातात वही आणि चार फुलस्केप पाने.

“सर, पुन्हा लिहून आणलंय,” ती घाईने म्हणाली. “त्या दिवशी मी नव्हते ना, रास होती घरी. आता यज्ञेशकडून झेरॉक्स घेतली. आठ बी मुद्दे हायत.”

सरांनी पाने पाहिली. आठही होते. ‘प्रकाशयोजना प्रसंगांना अत्यंत पोषक होती.’ खाली पट्टीने मारलेली रेघ.

“सृष्टी, लाईट गेली होती. तू तर तिथं होतीस.”

“हाव सर.”

“मग?”

“मग काय सर, चार मार्क पडले की.”

सरांनी ती पाने टेबलावर पालथी ठेवली. आजवर त्यांनी हजारो प्रश्न विचारले होते, पण ज्याचे उत्तर आपल्याला माहीत नाही असा एकही विचारला नव्हता.

“मला सांग, मॅडम कशा गायल्या?”

सृष्टी सावधान उभी राहिली. “तन्मयतेने, सर. प्रेक्षागृह स्तब्ध झाले.”

“ते माझं आहे. तू ऐकलंस ते सांग.”

तिने वही उघडली, पेनाचे टोपण काढले. “किती मार्काला हाय, सर?”

“मार्क नाहीत याला.”

सृष्टीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतले. मग पेनाला टोपण लावले आणि वही मिटली.

“मग सांगते,” ती म्हणाली. “वर गेल्यावर आवाज फाटत होता त्यांचा. दोनदा फाटला. मला लई तहान लागली होती सर, सकाळपासून पाणी पिले नव्हते. पण त्यांचं होईपर्यंत उठू वाटलं न्हाई.”